महंमद करीम छागला

महंमदअली करीम छागला (३० सप्टेंबर, १९०० - ९ फेब्रुवारी, १९८१) हे भारतीय न्यायाधीश, कायद्याचे प्राध्यापक, मुत्सद्दी आणि केंद्रीय मंत्री होते. एम. सी. छागला या नावाने ते परिचित आहेत. १९४७ ते १९५८ या काळात ते मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश होते. हे पद कायमस्वरूपी भूषवणारे ते पहिले भारतीय होत. पुढे अमेरिकेतील राजदूत, ब्रिटनमधील उच्चायुक्त, केंद्रीय शिक्षणमंत्री आणि परराष्ट्रमंत्री म्हणून त्यांनी काम केले. हेग येथील आंतरराष्ट्रीय न्यायालयात पोर्तुगाल विरुद्ध भारत या खटल्यात ते भारताने नेमलेले तदर्थ न्यायाधीश होते. दादरा आणि नगर हवेलीच्या वाटेच्या हक्कासंबंधीचा हा खटला आंतरराष्ट्रीय कायद्यातील रूढीच्या अभ्यासात आजही शिकवला जातो.

== जन्म आणि शिक्षण ==

छागला यांचा जन्म मुंबईतील एका सधन खोजा व्यापारी कुटुंबात झाला. कुटुंबाचे मूळ आडनाव मर्चंट असे होते. मुंबईत याच नावाची माणसे पुष्कळ असल्याने पुढे त्यांनी छागला हे आडनाव घेतले. त्यांचे बालपण असतानाच आईचे निधन झाले. शालेय व महाविद्यालयीन शिक्षण मुंबईच्या सेंट झेवियर्स संस्थेत झाल्यावर ते इंग्लंडला गेले आणि ऑक्सफर्डच्या लिंकन कॉलेजात त्यांनी आधुनिक इतिहासाचा अभ्यास केला. तेथील भारतीय विद्यार्थ्यांच्या मजलिसचे ते अध्यक्ष झाले. १९२२ मध्ये इनर टेंपल येथून बॅरिस्टर होऊन ते मुंबईस परतले.

== वकिली, अध्यापन आणि राजकारण ==

मुंबईत त्यांनी बॅरिस्टर महंमदअली जिना यांच्या हाताखाली वकिलीस आरंभ केला. सुरुवातीची अनेक वर्षे त्यांना फारसे काम मिळत नव्हते. जिनांचा त्या काळातील राष्ट्रवादी पवित्रा त्यांना आकर्षित करणारा वाटला आणि ते मुस्लिम लीगच्या कामात सहभागी झाले. १९२८ मध्ये नेहरू अहवाल प्रसिद्ध झाला. छागला यांनी संयुक्त मतदारसंघांचा पुरस्कार करणाऱ्या या अहवालास पाठिंबा दिला, तर जिनांनी त्यास विरोध केला. या मतभेदातून दोघांचे राजकीय संबंध तुटले. १९२९ मध्ये छागला यांनी मुसलमान आणि नेहरू अहवाल या विषयावर पुस्तक लिहिले. द्विराष्ट्रवादाला त्यांनी अखेरपर्यंत विरोध केला.

१९२७ ते १९३० या काळात ते मुंबईच्या शासकीय विधी महाविद्यालयात घटनात्मक कायद्याचे प्राध्यापक होते. डॉ. बाबासाहेब आंबेडकर हेही याच सुमारास त्या महाविद्यालयात शिकवत होते.

== मुंबई उच्च न्यायालय ==

१९४१ मध्ये छागला यांची मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायाधीश म्हणून नियुक्ती झाली आणि १९४७ मध्ये ते मुख्य न्यायाधीश झाले. राज्यघटना अमलात आल्यानंतरच्या पहिल्या दशकात तिच्या अनेक कलमांचा अर्थ मुंबई उच्च न्यायालयात प्रथमच लावला गेला. १९५१ च्या नरसू आप्पा माळी खटल्यात छागला आणि न्या. प्र. बा. गजेंद्रगडकर यांच्या खंडपीठाने मुंबई राज्याचा हिंदू द्विभार्याप्रतिबंधक कायदा वैध ठरवला. व्यक्तिगत कायदे हे घटनेच्या तेराव्या कलमातील अमलात असलेले कायदे या संज्ञेत येत नाहीत, असा निष्कर्ष या निकालात आहे. त्यावर आजही वाद होतो.

लोकमान्य टिळकांना १९०८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या ज्या दालनात राजद्रोहाची शिक्षा झाली, त्याच दालनाबाहेर टिळकांच्या जन्मशताब्दी वर्षात, १९५६ मध्ये, स्मृतिफलक बसवण्यात आला. त्याचे अनावरण मुख्य न्यायाधीश या नात्याने छागला यांनी केले. त्याच वर्षी ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात ते मुंबई राज्याचे हंगामी राज्यपाल होते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी द्वैभाषिक मुंबई राज्य अस्तित्वात आले, ते याच कालावधीत.

१९५८ च्या आरंभी आयुर्विमा महामंडळाने हरिदास मुंदडा यांच्या कंपन्यांत केलेल्या सुमारे सव्वा कोटी रुपयांच्या गुंतवणुकीची चौकशी छागला यांच्या एकसदस्य आयोगाने केली. चौकशीचे काम खुलेपणाने चालले आणि काही आठवड्यांतच अहवाल सादर झाला. त्यानंतर अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांना राजीनामा द्यावा लागला.

== संयुक्त राष्ट्रसंघ, १९४६ ==

आंतरराष्ट्रीय कायद्याच्या व्यवहाराशी छागला यांचा पहिला जवळचा संबंध १९४६ मध्ये आला. विजयालक्ष्मी पंडित यांच्या नेतृत्वाखाली संयुक्त राष्ट्रसंघाच्या आमसभेस गेलेल्या भारतीय शिष्टमंडळाचे ते सदस्य होते. भारत तेव्हा स्वतंत्र झालेला नव्हता. अंतरिम सरकार स्थापन होऊन काही आठवडेच झाले होते.

दक्षिण आफ्रिकेने त्या वर्षी भारतीय वंशाच्या लोकांच्या जमीनधारणेवर निर्बंध घालणारा कायदा केला होता. भारताने त्याविरुद्ध आमसभेकडे दाद मागितली. हा देशांतर्गत प्रश्न असून सनदेच्या दुसऱ्या कलमातील सातव्या परिच्छेदानुसार संयुक्त राष्ट्रसंघाला त्यात हस्तक्षेप करता येत नाही, अशी भूमिका पंतप्रधान यान स्मट्स यांनी घेतली. हा मुद्दा आंतरराष्ट्रीय न्यायालयाकडे सल्ल्यासाठी पाठवावा, असाही प्रस्ताव होता. भारताने तो मान्य केला नाही. ८ डिसेंबर १९४६ रोजी भारताच्या बाजूचा ठराव ३२ विरुद्ध १५ मतांनी, म्हणजे दोन-तृतीयांश बहुमताने संमत झाला.

एका राज्याने आपल्या हद्दीतील लोकांना कसे वागवावे हा इतर राज्यांच्या चौकशीचा विषय होऊ शकतो, ही कल्पना या ठरावाने पुढे आणली. मात्र आमसभेचे असे ठराव तहासारखे बंधनकारक नसतात. दक्षिण आफ्रिकेने त्यानुसार वागण्याचे नाकारले आणि वर्णद्वेषी राजवट पुढे अनेक दशके टिकली. कायदेशीर बंधन आणि राजकीय दबाव यांतील अंतर या प्रकरणात स्पष्ट दिसते. अकरा वर्षांनी याच अंतराचा प्रश्न छागला यांच्यापुढे न्यायाधीश म्हणून उभा राहिला.

== आंतरराष्ट्रीय न्यायालयातील खटला ==

=== पार्श्वभूमी ===

दादरा आणि नगर हवेली हे पूर्वीच्या ठाणे जिल्ह्याला आणि गुजरातला लागून असलेले दोन प्रदेश पोर्तुगीजांच्या ताब्यात होते. किनाऱ्यावरील दमणपासून ते तुटलेले होते आणि चहूबाजूंनी भारतीय प्रदेशाने वेढलेले होते. येथील बहुसंख्य रहिवासी वारली, कोकणा, धोडिया आदी आदिवासी समाजांतील आहेत. दमणहून तेथे जाण्यास भारतीय हद्दीतूनच वाट होती.

हे प्रदेश पोर्तुगीजांकडे आले ते पेशवाईत. १७७९ मध्ये मराठे आणि पोर्तुगीज यांच्यात पुणे येथे तह झाला. त्यातील एका कलमान्वये पोर्तुगीजांना वार्षिक १२,००० रुपये उत्पन्नाची गावे देण्याचे ठरले. १७८३ आणि १७८५ च्या सनदांनी ती नेमून देण्यात आली. १८१८ मध्ये पेशवाई संपून आसपासचा मुलूख इंग्रजांकडे गेला, तरी ही गावे पोर्तुगीजांकडेच राहिली.

भारत स्वतंत्र झाल्यावर पोर्तुगालने आपल्या वसाहती सोडण्यास नकार दिला. १९५३ पासून भारताने वाहतुकीवर निर्बंध आणले. जुलै १९५४ मध्ये स्वातंत्र्यसैनिकांनी दादरा मुक्त केले आणि २ ऑगस्ट रोजी सिल्व्हासा घेतले. या लढ्यात महाराष्ट्रातील अनेक तरुण होते. गायक-संगीतकार सुधीर फडके हेही त्यात सहभागी होते. पोर्तुगीज अधिकाऱ्यांना व सैन्याला दमणहून तेथे जाऊ देण्यास भारताने नकार दिला. तेव्हापासून १९६१ पर्यंत या प्रदेशाचा कारभार स्थानिक वरिष्ठ पंचायतीमार्फत चालला.

=== दावा आणि न्यायाधीशपद ===

१४ डिसेंबर १९५५ रोजी पोर्तुगालला संयुक्त राष्ट्रसंघाचे सदस्यत्व मिळाले. १९ डिसेंबरला त्याने आंतरराष्ट्रीय न्यायालयाचे सक्तीचे अधिकारक्षेत्र मान्य केले आणि २२ डिसेंबरला भारताविरुद्ध दावा दाखल केला. भारताने १९४० मध्येच असे अधिकारक्षेत्र मान्य केलेले असल्याने त्याला उत्तर देणे भाग पडले.

न्यायालयाच्या संविधीच्या ३१ व्या कलमानुसार, ज्या पक्षाचा नागरिक न्यायपीठावर नसेल त्याला त्या खटल्यापुरता एक तदर्थ न्यायाधीश नेमता येतो. न्यायालयातील पहिले भारतीय न्यायाधीश बेनेगल नरसिंग राव यांचे १९५३ मध्ये निधन झाले होते आणि त्यांच्या जागी पाकिस्तानचे झफरुल्ला खान निवडून आले होते. त्यामुळे भारताने छागला यांना नेमले. पोर्तुगालने मानुएल फर्नांडिस यांची नेमणूक केली. तदर्थ न्यायाधीशाला इतर न्यायाधीशांप्रमाणेच निःपक्षपातीपणाची प्रतिज्ञा घ्यावी लागते. भारताची बाजू महान्यायवादी मोतीलाल सेटलवाड आणि काही युरोपीय कायदेपंडितांनी मांडली.

भारताने अधिकारक्षेत्राविरुद्ध सहा प्राथमिक आक्षेप घेतले. २६ नोव्हेंबर १९५७ च्या निकालात न्यायालयाने त्यांपैकी चार फेटाळले आणि उरलेले दोन मूळ खटल्याबरोबर ऐकण्याचे ठरवले. छागला यांनी या निकालास भिन्नमतपत्रिका जोडली. मूळ खटल्याची सुनावणी १९५९ मध्ये झाली, तेव्हा ते भारताचे अमेरिकेतील राजदूत होते.

=== कायद्याची उगमस्थाने आणि हा खटला ===

राष्ट्रांच्या वर कोणतीही विधानसभा नाही. मग त्यांना बांधणारा कायदा कोठून येतो, याचे उत्तर न्यायालयाच्या संविधीच्या ३८ व्या कलमात आहे. पोर्तुगालने त्यातील तीनही मुख्य उगमस्थानांचा आधार घेतला, म्हणून हा खटला विद्यार्थ्यांना उपयुक्त ठरतो.

* तह: पोर्तुगालच्या मते १७७९ च्या तहाने त्याला गावांचे सार्वभौमत्व आणि त्याबरोबर वाटेचा हक्क मिळाला. तह रीतसर झालाच नव्हता, असे भारताचे म्हणणे होते. अठराव्या शतकातील तहाची वैधता नंतर रूढ झालेल्या पद्धतींवरून ठरवता येत नाही आणि दोन्ही पक्षांनी तो वैध मानून वर्तन केले होते, असे न्यायालयाने म्हटले. परंतु तहाने मिळाली ती जहागीर किंवा सरंजाम, म्हणजे महसूल घेण्याचा हक्क. पेशव्यांनी सार्वभौमत्व दिले नव्हते. म्हणून तहातून वाटेचा हक्क निघाला नाही. मराठी राज्यव्यवहारातील सरंजाम या शब्दाचा अर्थ येथे निर्णायक ठरला.
* रूढी: इंग्रजांच्या काळात पोर्तुगीजांचे सार्वभौमत्व न बोलता मान्य झाले होते आणि सव्वाशे वर्षे खाजगी व्यक्ती, मुलकी अधिकारी व सर्वसाधारण माल यांची ये-जा चालू होती. दोनच राज्यांमध्ये रूढी निर्माण होऊ शकत नाही, हा भारताचा युक्तिवाद न्यायालयाने नाकारला. दोन राज्यांनी दीर्घकाळ पाळलेला प्रघात त्यांच्यातील हक्क व कर्तव्यांचा पाया होऊ शकतो, असे त्याने ठरवले.
* कायद्याची सर्वसामान्य तत्त्वे: चहूबाजूंनी वेढलेल्या शेतमालकाला शेजाऱ्याच्या शेतातून वाट मिळण्याचा हक्क अनेक देशांच्या दिवाणी कायद्यांत असतो. हेच तत्त्व राज्यांना लावावे, असे पोर्तुगालचे म्हणणे होते. दोन देशांतील विशिष्ट प्रघात सिद्ध झाल्यामुळे न्यायालयाने या मुद्द्यात शिरण्याचे कारण नाही असे मानले.

न्यायनिर्णय आणि विद्वानांची मते यांना ३८ वे कलम दुय्यम साधनांचे स्थान देते.

=== निकाल ===

अंतिम निकाल १२ एप्रिल १९६० रोजी लागला. १९५४ मध्ये पोर्तुगालला खाजगी व्यक्ती, मुलकी अधिकारी आणि सर्वसाधारण माल यांच्यासाठी वाटेचा हक्क होता, मात्र तो भारताच्या नियमन व नियंत्रणाच्या अधीन होता, असे न्यायालयाने ११ विरुद्ध ४ मतांनी ठरवले. सैन्य, सशस्त्र पोलीस, शस्त्रे व दारूगोळा यांच्यासाठी असा हक्क नव्हता, हे ८ विरुद्ध ७ अशा निसटत्या बहुमताने ठरले. १८७८ च्या इंग्रज-पोर्तुगीज तहानुसार सैन्याला आधी रीतसर परवानगी मागावी लागत असे आणि परवानगीवर अवलंबून असलेली गोष्ट हक्क होत नाही, हे त्यामागील कारण. दादरा पडल्यानंतर आसपास तणाव असल्याने भारताने वाहतूक थांबवली, ती नियंत्रणाच्या अधिकारात बसते आणि भारताकडून कोणत्याही कर्तव्याचा भंग झालेला नाही, असे ९ विरुद्ध ६ मतांनी ठरले.

=== छागला यांचे भिन्नमत ===

पोर्तुगालला मर्यादित स्वरूपाचाही हक्क होता, हे छागला यांनी मान्य केले नाही. त्यांचे भिन्नमत रूढीच्या मानसिक घटकावर आधारलेले आहे. एखादी गोष्ट पुष्कळ वर्षे घडत आली एवढ्याने रूढी सिद्ध होत नाही. ती करणाऱ्याला आणि करू देणाऱ्याला, आपण कायद्याने बांधलेले आहोत म्हणून असे वागतो, असे वाटत असले पाहिजे. सौजन्याने किंवा सोयीसाठी दिलेली मोकळीक आणि बंधन म्हणून पाळलेला नियम यांत त्यांनी भेद केला. हा भेद शिकवताना आंतरराष्ट्रीय कायद्याच्या पाठ्यपुस्तकांत त्यांच्या भिन्नमताचा उल्लेख केला जातो.

बहुमताच्या आणि छागला यांच्या भूमिकांतील फरक एका साध्या उदाहरणाने समजतो. गावातील एखाद्याच्या शेतातून शेजारी पिढ्यान्‌पिढ्या जात असेल, तर त्या जाण्याकडे दोन प्रकारे पाहता येते. इतकी वर्षे कोणी अडवले नाही म्हणजे हक्क मान्य केला, असे एक म्हणेल. मालकाने शेजारधर्म म्हणून जाऊ दिले, तेव्हा तो अडवूही शकतो, असे दुसरा म्हणेल. खाजगी व्यक्तींच्या बाबतीत बहुमताने पहिला अर्थ घेतला, तर सैन्याच्या बाबतीत दुसरा. छागला यांनी दोन्हींना दुसराच अर्थ लावला.

पोर्तुगालचे तदर्थ न्यायाधीश फर्नांडिस यांनीही आपल्या देशाला अनुकूल भिन्नमत दिले. तदर्थ न्यायाधीश नेमणाऱ्या राज्याच्या बाजूनेच मत देतात, या आक्षेपाला असे खटले बळ देतात. दुसऱ्या बाजूने, न्यायपीठाच्या चर्चेत त्या राज्याची कायदेशीर परंपरा व दस्तऐवज जाणणारा एक तरी सदस्य असावा, असे या पद्धतीचे समर्थन केले जाते. नियमित न्यायाधीशांपैकीही पाच जणांनी निकालास वेगवेगळ्या कारणांनी भिन्नमते जोडली होती.

ज्यांच्या गावांविषयी हा वाद होता ते आदिवासी रहिवासी या खटल्यात पक्षकार नव्हते आणि होऊही शकत नव्हते, कारण न्यायालयापुढे केवळ राज्यांनाच उभे राहता येते. ऑगस्ट १९६१ मध्ये दहाव्या घटनादुरुस्तीने दादरा आणि नगर हवेली भारतात विलीन झाले. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये गोवा, दमण आणि दीव मुक्त झाल्यावर वाटेचा प्रश्नच उरला नाही.

== राजदूत आणि मंत्री ==

१९५८ ते १९६१ या काळात छागला अमेरिकेत राजदूत होते. १९६२-६३ मध्ये ते ब्रिटनमध्ये उच्चायुक्त होते. नोव्हेंबर १९६३ मध्ये पंडित नेहरूंनी त्यांना केंद्रीय शिक्षणमंत्री केले. डॉ. दौ. सिं. कोठारी यांच्या अध्यक्षतेखालील शिक्षण आयोग त्यांच्याच कार्यकाळात नेमला गेला. १९६४ मध्ये सुरक्षा परिषदेत काश्मीर प्रश्नावर भारताची बाजू त्यांनी मांडली.

नोव्हेंबर १९६६ मध्ये ते परराष्ट्रमंत्री झाले. विद्यापीठांतील सर्व शिक्षण अल्पावधीत प्रादेशिक भाषांतून देण्याचे धोरण सरकारने स्वीकारले, तेव्हा त्यामुळे देशाच्या एकात्मतेला धोका पोहोचेल, असे मत मांडून त्यांनी सप्टेंबर १९६७ मध्ये मंत्रिपदाचा राजीनामा दिला.

== उत्तरायुष्य आणि निधन ==

मंत्रिपद सोडल्यावर छागला पुन्हा वकिली करू लागले. आणीबाणीच्या काळात त्यांनी उघडपणे विरोधी भूमिका घेतली आणि १९७५ मध्ये अहमदाबाद येथील नागरी स्वातंत्र्य परिषदेत भाषण केले. 'रोझेस इन डिसेंबर' हे त्यांचे इंग्रजी आत्मचरित्र प्रसिद्ध आहे. ९ फेब्रुवारी १९८१ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. त्यांच्या इच्छेनुसार पार्थिवावर अग्निसंस्कार करण्यात आले. मुंबई उच्च न्यायालयाच्या इमारतीत त्यांचा पुतळा आहे.

== महत्त्व ==

हेगच्या न्यायव्यवस्थेशी महाराष्ट्राचा संबंध याआधीही आला होता. वि. दा. सावरकर यांना मार्सेय येथे पुन्हा पकडल्यावरून फ्रान्स आणि ब्रिटन यांच्यात झालेला वाद लवादाने २४ फेब्रुवारी १९११ रोजी ब्रिटनच्या बाजूने निकालात काढला. त्या प्रकरणात भारत पक्षकारही नव्हता. पोर्तुगालविरुद्धच्या खटल्यात स्वतंत्र भारत स्वतःच्या नावाने उभा होता आणि त्याने नेमलेला न्यायाधीश न्यायपीठावर होता. वसाहतवादी सत्तेने पेशवेकालीन तह पुढे करून मागितलेला हक्क शस्त्रांपुरता नाकारला गेला आणि मुलकी वाहतुकीपुरता मान्य झाला. रूढी ठरवताना केवळ वर्तन पाहावे की त्यामागील बंधनाची जाणीवही तपासावी, हा छागला यांनी उपस्थित केलेला प्रश्न आंतरराष्ट्रीय कायद्यात अजूनही चर्चेत आहे.

== हे सुद्धा पहा ==

* आंतरराष्ट्रीय न्यायालय
* दादरा आणि नगर हवेली
* गोवा मुक्तिसंग्राम
* बेनेगल नरसिंग राव
* मुंबई उच्च न्यायालय